माउथपीसवरच्या दोन खाचा

लग्नातली शेवटची पंगत उठली की नानासोंच्या बँडची माणसं टेम्पोच्या सावलीला जमतात. ढोलवाला ज्ञानू पट्टा खांद्यावर चढवतो, ट्रंपेटवाला वाद्य उलटं करून आतलं पाणी झटकतो, नवऱ्याकडचं कुणीतरी "आटपा की पावनं, वरात कवा निघायची?" असं ओरडून जातं. तरी बँड जागचा हलत नाही. कारण आकाराम अजून नळावर असतो.

अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कोटावर फेस सांडू नये म्हणून गळ्याभोवती टॉवेल, आणि तोंडात ब्रश.

"आक्या, लेका, आज तुझं लगीन हाय का नवऱ्याचं?" नानासो लांबूनच विचारतात. बँड त्यांचा, टेम्पोही त्यांचाच, त्यामुळं ओरडायचा हक्कही त्यांचा.

आकाराम उत्तर देत नाही. त्याच्या मनात एक गाणं चालू असतं, मुखडा आणि दोन कडवी. गाणं संपलं की घासणं संपलं. मधे बोललं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. तेवढा वेळ अख्खा बँड थांबतो, नवरा घोड्याजवळ उभा राहून घाम पुसतो, आणि कुणी फार कुरकुर केली तर नानासोच त्याला गप्प करतात, "थांबा जरा. आमचं क्लॅरिनेट हत्यार धुतंय."

आकारामचं गाव तासगावच्या पूर्वेला, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडांच्या मधलं. क्लॅरिनेट त्याला चुलत्याकडून मिळालं. चुलत्यानं वाजवायला शिकवलं आणि हात थरथरायला लागल्यावर वाद्यही त्याच्याच ओटीत घातलं. या वाद्याची एक गंमत आहे. खालचा ओठ दातांवर दुमडून रीडखाली, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीखाली, धरायचा आणि वरचे समोरचे दोन दात थेट माउथपीसवर टेकवायचे. बाकी बोटं, फुंकर, ताल सगळं खरं, पण सूर उभा राहतो तो या दोन दातांच्या आधारावर. दात टेकून टेकून आकारामच्या माउथपीसवर दोन बारीक खाचा पडल्या होत्या. अंधारात जरी वाद्य तोंडाला लावलं तरी दात आपोआप त्या खाचांत जाऊन बसत. बैल आपल्या दावणीला जाऊन उभा राहतो तसे.

आणि बँडची एक रीत होती. वाद्यं उचलायच्या आधी मशेरीची डबी फिरायची. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दाताहिरड्यांना चोळायची. ही मशेरी आकारामची बायको अंजना भाजत असे. तिच्या हातची मशेरी म्हणजे ना कच्ची, ना कोळसा. दुसऱ्या बँडवाले सुद्धा "वहिनींच्या हातची चिमूटभर द्या की" म्हणून मागून न्यायचे. डबी आकारामपासून निघायची आणि ज्ञानूपाशी संपायची. मशेरीनं तोंड उघडतं, हिरड्या आवळतात, दात घट्ट होतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. आकारामची तर जास्तच, कारण त्याचं पोट दातांवर होतं.

मग एका वर्षी लग्नसराईच्या शेवटी शेवटी त्याला काहीतरी खटकायला लागलं. समोरचा डावा दात खाचेत नीट बसेना. बसला तरी जोर दिला की किंचित मागं सरकायचा. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मशेरी मात्र दुप्पट लावायला लागला.

आणि मग विट्याच्या बाजूला एका लग्नात, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला असताना, गाण्याच्या सगळ्यात उंच जागेवर क्लॅरिनेट किंचाळलं. दाराच्या बिजागरीसारखं. घोडं बिचकलं, नवरा सावरला, पोरं खो खो हसली. आकारामनं पुन्हा सूर लावायचा प्रयत्न केला, तर दाताच्या कडेनं हवा निसटली आणि नुसता फुसकारा आला. पुढचं सगळं ट्रंपेटवाल्यानं ओढून नेलं.

परतताना टेम्पोत नानासो त्याच्या शेजारी बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत.

"वय झालं म्हणत न्हाई मी," ते म्हणाले. "पर तुळशीच्या लग्नानंतर पयली सुपारी पाटणची हाय. मोठं घर हाय. तवर तुझं तोंड नीट झालं न्हाई तर जयराजला घिऊन जावं लागंल. त्याचा कीबोर्ड कवा किंचाळत न्हाई."

जयराज नवा पोरगा होता, हुशार होता, आणि क्लॅरिनेटचा आवाज त्याच्या कीबोर्डमध्ये बटणावर निघत होता. घरी येऊन आकारामनं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि पेटी फळीवर न ठेवता खाटेखाली सारली. अंजनानं ते पाहिलं.

अंजना बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची. शेडच्या मालकाची मुलगी सन्मती दातांची डॉक्टर होती, तिचा दवाखाना तासगावात. अंजना नवऱ्याला काही न विचारता एक दिवस एसटीत बसवून तिथं घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं, आरसा घालून बराच वेळ पाहिलं, गालाच्या आतून बोट फिरवून चट्टा बिट्टा नाही ना याची खात्री केली, आणि मग विचारलं, "मामा, मशेरी कधीपासून?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं."

"आणि ब्रश?"

"व्हता की. घासलं की रगात याय लागलं, म्हून टाकून दिला."

"रक्त येतं म्हणून घासणंच बंद केलंत?"

"मग? जखमेवर घासायचं व्हय?" आकारामला हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला.

सन्मती हसली नाही. तिनं छोटा आरसा त्याच्या हातात दिला आणि दातांच्या आतल्या बाजूला, जिभेच्या अंगाला, जमलेला तपकिरी थर दाखवला. "हा बघा. अन्नाचा चिकट मळ हिरडीच्या कडेला बसतो. रोज काढला नाही तर तो असा दगड होतो. त्याच्यामुळं हिरडी सुजते, सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. घासल्यामुळं रक्त येत नव्हतं मामा, न घासल्यामुळं येत होतं. आता हिरडी मागं सरकलीय आणि आतलं हाड झिजलंय. झिजलेलं हाड परत येत नाही. आहे ते सांभाळायचं."

"आन् हा दात?"

"खरं सांगू? हमी देत नाही. हिरड्यांची सूज गेली तर बऱ्यापैकी धरेल. मशेरी तशीच चालू राहिली तर एक दिवस हातात येईल. आणि त्याच्या शेजारचा त्याच्या मागोमाग."

तिनं सगळा थर खरवडून काढला. एका बैठकीत नाही, दोनदा यावं लागलं. मऊ ब्रश दिला. कसा धरायचा ते आपल्या हातानं दाखवलं. आडवा खसाखसा नाही, तिरका, केस हिरडीच्या कडेला टेकवून, जागच्या जागी लहान लहान गोल. पेस्ट वाटाण्याएवढी. दोन दातांच्या फटीत घालायला बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा, पण काडीएवढा बारीक ब्रश. आणि रात्रीचं घासणं चुकवायचं नाही.

"आमचं जेवायचं काय ठरलेलं न्हाई, म्याडम," आकाराम म्हणाला. "लग्नाच्या घरी कवा पंगत बसंल तवा."

"आम्ही जैन. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं," सन्मती म्हणाली. "त्यानंतर पाणी सुद्धा नाही. म्हणून मी तेव्हाच, जेवण झाल्या झाल्या, घासून मोकळी होते. तुम्ही घड्याळ बघू नका. शेवटचा घास कधी जातो ते बघा. त्यानंतर ब्रश, आणि मग सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. जिलेबी नाही, चहा नाही."

आकाराम मनापासून कामाला लागला. पण पुढचे काही आठवडे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट गेले.

मशेरी सुटली तसं डोकं ठणकायला लागलं. पोट साफ होईना. कोंबडं आरवलं तरी राग यायचा. आणि घरात अंजनाचा तवा चुलीवर चढला की तो वास नाकात शिरून हात आपोआप डबीकडं जायचा.

"अगं, निदान घरात तरी भाजू नगं," तो म्हणाला.

"व्हय तर!" अंजना फणकारली. "दात तुमचं खराब, आन् बोल माझ्या तव्याला? अख्खा तालुका नाव काढतोय माझ्या मशेरीचं."

त्याहून वाईट म्हणजे रक्त. थांबायचं सोडून ते वाढलंच. सकाळी थुंकलं की पांढऱ्या फेसात लाल रेघ. आणि दगड निघून गेल्यामुळं दातांच्या मधे फटी दिसायला लागल्या, जीभ लागली की डावा दात आधीपेक्षा मोकळा वाटायला लागला. ज्ञानू एकदा भेटायला आला, त्यानं तोंडात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"दाताचं शिमीटच काढलं की रं तिनं! आता भित्ताड ऱ्हातंय का? घे गड्या, डबी घे. हिरडी आवळंल तेवढीच."

ज्ञानूचं प्रेम खरं होतं. डबी पुढं आली. आकारामनं चिमूट उचलली सुद्धा. अंजना दारातून बघत होती. मशेरी तिचीच होती.

चिमूट हातात असतानाच आकारामला आपल्याच क्लॅरिनेटचं, चुलत्याच्या वेळचं, एक जुनं दुखणं आठवलं. वाद्याच्या भोकांवर पॅड असतात, ते झिजले की हवा गळते. तरुणपणी एका सिझनला पॅड बदलायचा कंटाळा म्हणून त्यानं गळक्या जागी मेण दाबून भरलं होतं. काही दिवस वाद्य असं वाजलं की वा. मग मेण आत घसरलं, खालचं लाकूड कुजलेलं निघालं आणि चुलत्यानं सगळ्यांसमोर कान पिळला. मेण काढल्यावर वाद्य आधीपेक्षा जास्त गळत होतं. पण ते गळणं खरं होतं, आणि खरं दिसल्यावरच दुरुस्ती झाली होती.

त्यानं चिमूट परत डबीत टाकली. "ज्ञानू, शिमीट नव्हतं रं ते. मेण व्हतं."

ज्ञानूला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आकाराम रक्ताचं विचारायला डॉक्टरीणबाईंकडं गेला, तेव्हा तीही तेच म्हणाली, फक्त तिच्या भाषेत. तंबाखूनं हिरडीतलं रक्त आवळून धरलेलं असतं, त्यामुळं आतून दुखणं वाढत असतं तरी बाहेर रक्त कमी दिसतं. मशेरी सुटली की काही दिवस ते जास्त दिसतं. "घासायचं थांबवू नका. हलक्या हातानं, पण रोज. सूज उतरली की रक्त आपोआप थांबेल. आणि महिनाभरानं थांबलं नाही तर मला दाखवा, घरी औषधं करत बसू नका."

त्या दिवसापासून घरात नवीन कार्यक्रम सुरू झाला. रोज घासणं झालं की आकाराम ओट्यावर बसायचा आणि अंजना मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या तोंडात बघायची.

"आ करा. आजून. एवढंसं तोंड करून कसं दिसंल? जेवताना कसं उघडतंय मोठं?"

"आँ..."

"डाव्या अंगाला मागं ऱ्हायलंय. भाजी दिसतीय. कालची हाय का परवाची?"

"आजची हाय गं."

"आज वांगं केलं न्हवतं मी."

तो उठून पुन्हा ब्रश घ्यायचा. शेजारीपाजारी हसायचे. अंजनाला फिकीर नव्हती. बेदाणा निवडताना काडी लागलेला, फुटका, काळपट दाणा नजरेतून न सोडणारी बाई ती. तिच्या नजरेतून फटीतला कण सुटणार कसा? आणि एके सकाळी, बॅटरी धरलेला हात तसाच ठेवून ती म्हणाली, "आज लाल न्हाई."

दुसऱ्या दिवशी होतं, अगदी थोडं. मग दोन दिवस नव्हतं. असं मागंपुढं होत होत हिरडीच्या कडेची सुजट, जांभळी रेघ उतरली आणि फिक्या गुलाबी रंगावर आली. त्याच सुमाराला अंजनानं तिचा तवा कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून लावला. कारण विचारलं तर म्हणाली, "मुंगूस येतंय." मशेरी तीही लावायचीच. तिची स्वतःची तलफ सुटायला नवऱ्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि मधे दोनदा ती घसरलीही. पण तवा काही चुलीवर परत आला नाही.

वाजवण्याचं मात्र अजून कठीण होतं. दातावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चुलत्याचे दात म्हातारपणी पडले तेव्हा तो वरचा ओठही दुमडून, दोन्ही ओठांत माउथपीस धरून वाजवायचा. आकारामनं तेच सुरू केलं. पावसाळ्यात बेदाण्याच्या शेडा रिकाम्या असतात. तिथं बेदाणा वाळवायच्या जाळीच्या रॅकांमध्ये बसून तो हळू आवाजात वाजवायचा. ओठ लवकर दमायचे, आवाज शेडबाहेर ऐकू जाईल इतकाही निघत नव्हता. गणपती आले. नानासोंच्या टेम्पोत त्याच्या जागी जयराज चढला. मिरवणूक आकारामच्या घरावरून गेली, तेव्हा कीबोर्डमधलं क्लॅरिनेट बिनचूक वाजत होतं. आकाराम दारात उभा राहून सगळं गाणं ऐकत होता, आणि अंजना त्याच्याकडं बघत होती.

"बरं वाजवतोय पोरगा," तो म्हणाला.

"श्वास कुठं घेतोय त्यो?" अंजना म्हणाली. "आमी बायका ऐकतो तवा तुमचा श्वास ऐकू येतोय. मग रडू येतंय."

दिवाळीच्या आधी सन्मतीनं पुन्हा तपासलं. बोटानं डावा दात हलवून पाहिला, भुवई उंचावली. "पुरता घट्ट नाही. पण धरलाय. थोडा थोडा टेकवून वाजवा. दर सहा महिन्यांनी यायचं, आणि रोजचं एकही घासणं सुटायचं नाही. हा दात मी वाचवला नाही मामा, तुम्ही वाचवताय. रोज."

तुळशीचं लग्न झालं आणि पाटणची सुपारी आली. नानासोंनी आकारामला घेतलं, पण टेम्पोच्या मागच्या बाकड्यावर जयराजचा कीबोर्डही कापडात गुंडाळून ठेवलेला होता. कोयनेच्या बाजूची हवा गार होती, रीड कडक पडली होती. नवरदेव घोड्यावर बसला. वाद्यं उचलायची वेळ झाली, आणि रीतीप्रमाणं ज्ञानूनं डबी काढली. आता ती दुसऱ्याच कुणाच्या हातची होती. फिरत फिरत आकारामपाशी आली.

"आजच्या दिसाला तरी," ज्ञानू हळूच म्हणाला. "गड्या, आज चुकून भागायचं न्हाई."

"म्हूनच नगं," आकाराम म्हणाला. त्यानं तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

पहिली ओळ त्यानं सांभाळून काढली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, नानासोंनी मान वळवून जयराजकडं पाहिलं. दुसऱ्या ओळीला ओठ ऊब धरायला लागले. मग ती उंच जागा आली. आकारामनं दात टेकवले, दाबले नाहीत, नुसते टेकवले, आणि सगळा भार फुंकरीवर टाकला. सूर वर गेला, थरथरला, आणि उभा राहिला. घराच्या ओसरीवरून बायका उठून कट्ट्यापाशी आल्या. ज्ञानूचा ढोल एक ठोका चुकला, कारण तो वाजवायचं सोडून ऐकत होता.

नवरदेवाच्या देवदर्शनाची मिरवणूक, म्हणजे परण्या, देवळाशी थांबला तेव्हा नानासोंनी जयराजला हाक मारली. "कीबोर्ड बांधलेला हाय न्हवं? तसाच ऱ्हाऊ दे. तू आज झांजा घे." आणि आकारामकडं न बघता म्हणाले, "वरातीला जरा मोठ्यानं काढ."

जेवणं झाली. पंगतीत जिलेबी होती, आकारामनं चवीनं खाल्ली आणि उठून सरळ नळावर गेला. खिशातून ब्रश काढला, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. बँड टेम्पोपाशी जमला. नवऱ्याकडचे हाका मारायला लागले. नानासोंनी तोंड उघडलं, ओरडायला, आणि तसंच मिटलं. ते थांबले. त्या दिवसापासून सगळेच थांबतात.

घरी आल्यावर आकारामनं माउथपीस पुसायला काढलं आणि उजेडात धरून अंजनाला दाखवलं. जुन्या दोन खाचा होत्याच. पण डाव्या खाचेच्या शेजारी, सुतभर अंतरावर, एक नवी रेघ उमटायला लागली होती. इतकी फिकी की नखाला लागत नव्हती. दात धरला होता, पण जुन्या जागी नाही. थोडा सरकून.

अंजनानं बॅटरी लावून ती रेघ नीट पाहिली. मग बॅटरी त्याच्या तोंडाकडं वळवली.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. आ करा."